गण्याला बी.ए. कुणी केलं

मी कॉलेजात गेलेला माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. हसू नका! पुण्याच्या कॉलेजात गेलोय मी, तेही त्या काळात, जेव्हा आमच्या मार्गासनीत सही करता येणाऱ्याला लोक वाट सोडून द्यायचे. आता गेलो होतो ते दत्तूची ट्रंक डोक्यावर घेऊन, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ट्रंक आत घेतली न् मला बाहेर ठेवलं, ही गोष्ट वेगळी. पण गेलो होतो की नाही?

माझं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर इंग्रजी दुसरी. ती मात्र पक्की! एकदा करून सोडून देणाऱ्यातला मी नव्हे. परत परत केली. शेवटी मास्तरच कंटाळले.

एवढ्या भांडवलावर मी भोरच्या हायस्कुलात कॉलेजवाला म्हणून भाषण ठोकलंय, आणि त्या भाषणानं एका पोराचा जन्म मार्गाला लावलाय. कसा, ते ऐका. चहा निवत असेल तर आधी पिऊन घ्या, मध्ये फुरफुर नको.

दत्तू माझा मैतर. एका गावचे, एका वर्गातले, भोरात एका खोलीत राहायचो. आमच्या भाकरी बाजारच्या दिवशी गावाकडनं कुणाच्या तरी डोक्यावर, एकाच गाठोड्यात यायच्या. माझ्या दोन दिवसांत खलास. मग मी दत्तूच्या खायचो. तोवर त्या कौलासारख्या कडक व्हायच्या, पाण्यात भिजवून चटणीशी खायच्या. दत्तू एका हातात पुस्तक धरायचा, दुसऱ्या हातानं भाकरी मोडायचा आणि मोठा तुकडा न बघता माझ्याकडं सरकवायचा. असा माणूस शिकणार नाही, तर काय मी शिकणार?

शिकला की! मॅट्रिक झाला, पुण्याला कॉलेजात गेला. आणि तिथं त्याला स्वदेशीचं वारं लागलं. खादीची अर्धी चड्डी, डोक्यावर पांढरी टोपी, पाय अनवाणी. दिवाळीच्या सुट्टीत गावी आला तो हातात एक काळा कोट आणि बुटांचा जोड घेऊनच. म्हणाला, "किसन्या, विलायती म्हणून हे मी सोडले. पण होळीत टाकायला जीव होईना. तू घाल."

म्हणजे बघा, देशासाठी त्याग केला दत्तूनं आणि देशासाठी नटलो मी!

तेवढ्यात शाळा उघडली आणि भोराहून सांगावा आला. हायस्कुलावर नवे हेडमास्तर आले होते, पार लांबचे. त्यांचं म्हणणं, कॉलेजातल्या मुलांनी शाळेत यावं, आणि आपण एवढेसे असताना कुणी काय सांगायला हवं होतं, ते आताच्या पोरांना सांगावं. दत्तूचा चेहरा उतरला. त्याला शंभर गणितं घाला, चुटकीसरशी सोडवील. पण चार माणसांपुढं उभा केला की त्याची बोबडी वळायची. "तू नुसता सोबतीला चल," म्हणाला.

निघालो. गावच्या पोरांच्या भाकरीचं गाठोडं दत्तूनं घेतलं डोक्यावर. माझ्या अंगात काळा कोट, आणि बूट गळ्यात! नाड्यांची गाठ मारून अडकवलेले. नवं पायताण वाटेत झिजवायचं नसतं, वेशीवर घालायचं असतं, ही आमच्याकडची रीत. भोराजवळ नीरेत पाय धुतले, काठावर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा बूट चढवले. पाय आत जाईनात. नेटानं कोंबले, नाड्या आवळल्या, उभा राहिलो आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"दत्तू, चावतात रे!"

दत्तूनं तोंडावरचं पाणी निपटलं आणि माझ्या पायांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, "विलायती आहेत. चावणारच. म्हणून तर आम्ही सोडले."

पटलं मला!

शाळेच्या फाटकाशी एक बैलगाडी उभी. गाडीत वळकटी आणि पत्र्याची पेटी चढवलेली. चाकाला टेकून एक पोरगा सदऱ्याचं बटण चावत उभा, डोळे लालभडक. आम्ही बघतोय तोवर हेडमास्तर लगबगीनं आले. त्यांना काय दिसलं? पुढं कोटबूटवाला, मागं अनवाणी गाठोडंवाला.

"या, या! मार्गासनीचे आपणच ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं कुठं होतं त्यात? मार्गासनीचाच होतो मी.

"आणि हा?"

मी दत्तूकडं बघितलं, म्हटलं आता उलगडा करील. तर त्या पठ्ठ्यानं कमरेत वाकून रामराम घातला. "गडी जी म्या. धन्याची भाकरी घिऊन आलोय."

आता काय म्हणावं! खोड्या काढायला ह्याला मीच शिकवलेलं. विद्या फिरून माझ्याच मानगुटीवर बसली.

हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "तो मुलगा पाहिलात? कामथडीच्या आबांचा गणपत. वर्गात पहिला. आणि वडील त्याला कायमचा घरी न्यायला आलेत. तुमची भाषणं होईपर्यंत थांबा म्हणून कसंबसं बसवून ठेवलंय. आता सारं तुमच्यावर आहे."

सारं माझ्यावर! इंग्रजी दुसरीवर!

तेवढ्यात आबाच आले. सहा फूट उंच, पटका, पिळदार मिशा. "सायेब, गाडीला वकुत हुतोय. भात कापनीला आलंय माजं."

"आबा, मुलगा हुशार आहे हो तुमचा."

"हितं आसंल. पर फुडं कालिज! तितली पोरं म्हंजी चालत्याबोलत्या पोथ्या. त्यास्नी डोस्कं आसतं. आमच्या घरात डोस्क्याचा म्हनावं तर येक बैल हाय. गण्याचा काय पाड लागायचा तितं? नापास हून तोंड लपवत यायचं, त्यापरास आत्ताच औत धरल्यालं बरं."

"निदान कॉलेजातला माणूस कसा असतो, तो बघा तरी एकदा."

"बगतो की," आबा म्हणाले, आणि मला पटक्यापासून… छे, पटका त्यांचा. मला टोपीपासून पायापर्यंत बघायला लागले. पायापर्यंत आले आणि तिथंच थांबले.

आत जाजमावर पोरं बसलेली. आमच्या गावची दोन-चार होती, त्यांना दत्तूनं डोळ्यानंच दटावलं; आमच्या वेळचे मास्तर तर केव्हाच बदलून गेलेले. पुढं दोन खुर्च्या. एकीवर भोरातल्याच एका वकिलांचे चिरंजीव, कोल्हापूरच्या कॉलेजातले, चष्मेवाले. ते आम्हा खेड्यातल्या पोरांकडं शाळेतही कधी बघायचे नाहीत, म्हणून वाचलो. दुसऱ्या खुर्चीवर मी. आबा अगदी पुढ्यात मांडी घालून बसले. त्यांचं नाक आणि माझे बूट एका रेषेत. दत्तू दाराशी गाठोड्याजवळ उकिडवा.

चष्मेवाले बोलले. पहाटे उठावं, थंड पाण्यानं नहावं, अक्षर वळणदार काढावं. पोरांनी तोंडावर हात धरून जांभया दिल्या. मग हेडमास्तर माझ्याकडं वळले. "समजा, आज तुम्हाला शाळेतला तुमचाच पोरगा भेटला, त्याला काय सांगाल?"

मी उठलो. पाय असे ठणकत होते की उठताना तोंडातून "आई गं!" निघालं. सभेला वाटलं, आईला वंदन करून सुरुवात केली. टाळ्या!

टाळ्या पडल्या की मला चढते, काय करू? म्हटलं, "तो पोरगा भेटला तर आधी त्याच्या खिशातली चिंच काढून घेईन." पोरं हसली. "मग सांगीन, बाबा, आठवड्याच्या भाकरी दोन दिवसांत संपवू नकोस. पोट तट्ट भरलं की डोळा लागतो आणि भूगोल तसाच राहतो." पोरं लोळायला लागली. हेडमास्तरही मिशीत हसले. आबा मात्र हसेनात. मान खाली, नजर माझ्या पायांवर. मला वाटलं, भारावलेत. पाया पडायचा विचार दिसतोय.

मग काय झालं कोण जाणे, दाराशी दत्तू दिसला आणि तोंडातून वेगळंच यायला लागलं.

"आणखी एक सांगीन त्याला. मास्तर विचारतात, समजलं का? न समजता हो म्हणू नकोस. आमच्या वर्गात सगळ्यात मोठ्यानं 'होऽऽ' मी ओरडायचो. आणि एक पोरगा होता, तो उभा राहून म्हणायचा, नाही समजलं, परत सांगा. सगळे हसायचे. मी तर मागनं चिमटे काढायचो. तरी तो उभाच! मास्तर परत सांगायचे, फुकटात सगळ्या वर्गाला कळायचं. तो पोरगा आज लई पुढं गेलाय, आणि अजून त्याच्या अंगाला गर्वाचा वास नाही. तर मी माझ्या त्या कार्ट्याला सांगीन, चिमटे बस्स झाले. त्याच्याशेजारी बस. आणि तो उभा राहिला की तूही उभा राहा."

दाराशी आमचा 'गडी' खाली मान घालून गाठोड्याची गाठ सोडत होता. सोडायची काही गरज नव्हती.

हेडमास्तर गहिवरले. इथंच थांबायचं की नाही? पण माणसाला सुख बघवत नाही. म्हणाले, "वा! आता समारोपाचे दोन शब्द इंग्रजीतून होऊन जाऊ द्या."

मी दाराकडं बघितलं. दत्तूनं डोक्यावरच्या खादीच्या टोपीवर दोनदा बोट टेकवलं. एवढं पुरे होतं मला! छाती काढली आणि गरजलो, "गुरुजी, सारा देश जागा होत असताना मी परक्याच्या बोलीत बोलू?"

अहो, कौलं हलली टाळ्यांनी! आणि हे कोण बोललं? विलायती कोटातला आणि विलायती बुटातला किसन्या!

टाळ्या संपल्या तसे आबा उठले. सगळं थांबलं. गण्या दारातून आत डोकावला.

"रावसाहेब," आबा मला म्हणाले, "तुमी कालिजात हाय?"

"हो."

"खरंच?"

"पुण्याच्या!" ट्रंकेची शपथ.

"आन् पास हुता?"

"दरसाल!"

"आपले आपन? का संगं कुनी आसतं मदतीला?"

"कुणी नाही. एकट्याच्या जिवावर."

आबांनी परत एकदा वरनं खाली पाहिलं. खाली बराच वेळ पाहिलं. मोठा श्वास घेतला, मांडीवर थाप मारली आणि ओरडले, "गण्या! वळकटी काड गाडीतनं! तू बी कालिजात जानार!"

तो पोरगा असा पळाला की गाडीचे बैल बुजले. वळकटी डोक्यावर, पेटी काखेत, धोतराचा सोगा जमिनीवर. हेडमास्तरांनी माझे दोन्ही हात धरले. मी फक्त मान हलवली. मोठी माणसं अशीच करतात.

परतताना बूट पुन्हा गळ्यात आले. पायांचं भरीत झालं होतं. दत्तू सगळी वाट हसत होता, मधनंच वाटेकडेला बसून पोट धरून हसत होता. मला वाटलं, आनंदानं.

त्यानंतर कामथडीत मी कायमचा कॉलेजवाला झालो. मोठी पंचाईत! तिथं कुणाचं टपाल आलेलं दिसलं की मी वाट वाकडी करून पळायचो, न जाणो इंग्रजीत असलं तर! पण नसरापूरच्या बाजारात, पालीच्या जत्रेत, कुणी भेटलं की सांगायचो, कामथडीच्या गण्याचं शिक्षण म्हणजे आपल्या एका भाषणाची करामत.

आणि गण्यानं खरंच नाव काढलं हो. एकदाही न अडखळता बी.ए. झाला, आणि त्याच हायस्कुलात मास्तर म्हणून उभा राहिला. म्हणतात, तो वर्गात "समजलं का?" असं विचारतच नाही. "कुणाला नाही समजलं? उभे राहा, शाबास," असं म्हणतो. ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कामथडीत देवळापुढं त्याचा सत्कार झाला. मला मानानं बोलावणं. हार झाले, पेढे झाले, गण्यानं आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबा आता थकले होते, पण मिशी तशीच. मला राहवेना. सरकत सरकत त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, "आबा, आज चारचौघांत सांगूनच टाका. माझ्या त्या भाषणातलं कुठलं वाक्य तुमच्या काळजाला भिडलं?"

आबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"भाषान? किसनराव, त्ये म्या कुठं आयकलं? माजं समदं ध्यान तुमच्या पायांत. उजवा बूट डाव्या पायात, डावा उजव्यात! म्हनलं, बूट कुठला कुठं घालायचा त्ये ज्याला उमगंना, त्यो जर दरसाल कालिजात पास हुतोय, तर मग आमच्या गण्यानंच काय घोडं मारलंय?"