दारफाळणीला आई आली

ज्या बाईमुळे यंदाची दारफाळणी मला पाळता आली, ती माझी घरमालकीण. मालवणच्या बंदरावर मासे विकते. मी तिला काकी म्हणतो. तिचं आधी सांगितलं, आता माझं.

मी अलिबागकडचा, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. आठवीत शाळा सोडली, आता इथे ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो, सगळे मिस्त्री म्हणतात. आई पावसाळ्यात गेली. भाऊ इस्रायलला, गावचं घर दुसऱ्याचं झालं.

आईला महिने चंद्रावरून कळायचे. एलुल आला की म्हणायची, "आता कोणाशी वाकडं बोलू नका, माफीचा महिना आहे." एलुलची अमावास्या सरली की तिश्री महिना लागतो, पहिल्याच दिवशी नव्याचा सण. त्या दिवशी देवाघरी वर्षाचा हिशेब उघडतो आणि दहाव्या दिवशी, दारफाळणीला, मिटतो. त्या दिवशी उपास. पांढरे कपडे घालून, दार लावून घरात बसायचं, कोणाला शिवायचं नाही. घरची गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात. असं आई सांगायची आणि आजोबांसाठी पाट मांडून ठेवायची.

यंदा तो पाट तिच्यासाठी.

काकीच्या घरी पितृपक्षातला म्हाळ झाला तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं. ती पान वाढता वाढता थांबली.

"आमच्यात कावळो येता. तुमच्यात कोण येता?"

"कोणी नाही, काकी. माणूस स्वतःच येतं."

"आणि तू दार लावन बसतलंस? मग ती येतली खंयसून रे?"

"दार आपल्यासाठी बंद असतं. त्यांना अडत नाही."

तिने पान वाढून पुरं केलं. मग हळूच म्हणाली, "तिका तुझी खोली म्हायत आसा?"

आईने ही खोली कधी पाहिलीच नव्हती. फोनवर विचारायची, "खिडकी कुठे आहे? समुद्र ऐकू येतो का?" मी म्हणायचो, दिवाळीनंतर घेऊन येतो. आता गावच्या घरी गेली तर तिथे परकी माणसं. इथे आली तर दारात दसऱ्याची वर्दळ, कारण यंदा दारफाळणी नेमकी दसऱ्याला आली होती. इंजिनांची पूजा झाली की सगळे सोनं द्यायला घरोघर फिरणार. कोणी दार ढकललं, मला शिवलं, आणि आई उंबऱ्यावरूनच मागे फिरली तर? रात्री झोप लागेना.

दसऱ्याला सकाळी आईनेच शिवलेला पांढरा सदरा घातला. पाट मांडला. प्रार्थनेचं पुस्तक देवनागरीतलं, तेही अडखळत वाचलं. काद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, मी एकटा. ते म्हणायचं राहिलंच.

दुपारी बाहेर आवाज आले.

"गो काकी, मिस्त्री खंय? सोना देवक इलंव! ए मिस्त्री, दसऱ्याक कोण निजता रे?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. काकी बाहेर उंबऱ्यावर, दाराला पाठ टेकून बसली होती. केव्हापासून, मला ठाऊक नाही.

"बोंबलू नको मेल्या. तेची आवस इली हा. उद्या ये."

"आवस? ती तर पावसात गेली ना?"

"गेली म्हणानच इली. आता चल, फूट."

पावलं लांब गेली. मी पाटाकडे पाहिलं. काही दिसलं नाही, खोटं कशाला सांगू. पण उंबऱ्यावर कोणीतरी मोठ्याने सांगितलं होतं की माझी आई आत आहे. आई गेल्यापासून डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते तेव्हा आलं.

पुढेही माणसं येत राहिली. काकी प्रत्येकाला तेच सांगत होती, संध्याकाळी तिचा घसा बसेपर्यंत. चांदण्या दिसून उपास सुटला तेव्हा तिने कोकमाचं सरबत खिडकीत ठेवलं आणि मला न शिवता मागे सरली.

शिळ्या सणाला सकाळी ती नारळ घेऊन आली. "तिका लांब जावचा आसा. वाटेक लागतलो." नारळ मी पाटावर ठेवला. पाट उचलायला मन होईना. आता वर्षभर आई नाही.

काकीचा मुलगा दूरच्या बोटीवर खलाशी आहे, कित्येक सण चुकले त्याचे. बोट लागली की अख्खी वाडी त्याला बघायला लोटेल आणि काकी त्यांच्या चहापाण्यात चुलीपाशीच अडकून पडेल, मुलाजवळ बसायला तिला मिळणार नाही. त्या दिवशी तिच्या उंबऱ्यावर मी बसेन. येईल त्याला सांगेन, "काकीचो झील इलो हा. उद्या येवा." माझाही घसा बसेपर्यंत.