वास बघायला एक माणूस

मांजरसुंब्याच्या फाट्यापासून थोड्या अंतरावर, महामार्गाला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या फाटकाशी मी फुलांचे हार विकते. तेथे साफसफाई करणारे मुंजाजी माझ्या नात्यातले नव्हेत. तरीही त्यांच्याविषयी लिहिणे मला योग्य वाटते, कारण दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही.

मुंजाजींचे निम्मे आयुष्य ऊसतोडीत गेले. कंबर कामातून गेल्यावर ते येथे आले आणि पत्नी भिवराबाईंसह फाटकाजवळच्या खोलीत राहू लागले. पुढे मालक मोहनराव यांनी फरशी चकाकवण्याचे एक यंत्र आणले. त्यास विजेची तार नाही. ते गॅसच्या टाकीवर चालते.

हे यंत्र चालू करण्याची रीत मुंजाजींनी मन लावून शिकून घेतली. प्रथम सभागृहाची सर्व दारे-खिडक्या उघडायच्या, कारण बंद जागेत त्याचा धूर माणसाचा जीव घेऊ शकतो. बाहेरच्या जाळीच्या कपाटातून टाकी आणून यंत्रावर पट्ट्याने आवळायची आणि नळी जोडायची. तोटी अगदी हळू उघडायची. झटक्याने उघडल्यास आतली झडप बंद होते व गॅस पुढे जात नाही. मग जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहायचे, आणि शेवटी वास घ्यायचा. फेस जेथे लावला तेथलेच सांगतो, वास सगळीकडचे सांगतो. त्यानंतरच किल्ली फिरवायची. काम संपल्यावर आधी टाकी बंद करायची आणि नळीतला गॅस जळून यंत्र आपोआप शांत होऊ द्यायचे.

यातली एकच गोष्ट मुंजाजींना करता येत नव्हती. करोनाच्या तापापासून त्यांना कशाचाही वास येत नाही. म्हणून भिवराबाई रोज सकाळी यंत्राभोवती फिरून वास घेत आणि सांगत, "न्हाई येत. करा चालू." मालकांना हे ठाऊक नव्हते. ठाऊक झाले असते तर यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले असते.

मागील वर्षी त्यांच्या मुलास पुण्याकडे कंपनीत काम लागले. नातू लहान आणि सून कामाला जाणारी, म्हणून मुलाने आईला नेले. त्याच्या एका खोलीत आणखी एका माणसाची जागा नव्हती. "लेकराला आजी लागती," मुंजाजी मला म्हणाले, "आज्याचं काय काम हाय?"

निघताना भिवराबाई माझ्याकडे आल्या. "आक्का, रोज सकाळच्याला यांचं नाक व्हा तेवढं."

"अन् मला सर्दी झाली तर?"

"तर शिंकाबी यांच्याच नावानं द्या!"

तेव्हापासून मी रोज आत जाऊन वास घेत असे. नेमक्या त्याच वेळी भिवराबाईंचा फोन येई. मुंजाजी स्पीकर लावून फोन तोंडासमोर धरत, त्यामुळे सर्व ऐकू येई.

"वास बघितला का?"

"बघितला आक्कानं. न्हाई येत."

"मग करा चालू."

एवढे बोलून फोन बंद होत असे. एकदा मी विचारले, "दुसरं काईच बोलत न्हाईत का तुमी?"

त्यांनी बराच विचार केला. "आमी पहिल्यापून कामाचंच बोलतो, आक्का. मोळी बांध, मोळी उचल. बिनकामाचं बोलायला आमाला येत न्हाई."

यंदा खंडेनवमीला मोहनरावांनी यंत्राची पूजा ठरवली. पूजा होताच ते चालवून दाखवायचे होते, म्हणून मुंजाजींनी टाकी जोडून, तोटी उघडून ठेवली होती. मी झेंडूचा हार घेऊन आत गेले तेव्हा कोपऱ्यात उदबत्त्या जळत होत्या आणि मोहनराव पेटत्या निरांजनाचे ताट घेऊन येत होते.

मुंजाजी आडवे आले. "मालक, दिवा भाईर राहू द्या."

"कावून बे? ट्रॅक्टरला ओवाळलं, जीपला ओवाळलं. हे काय जावई लागून गेलं का?"

"टाकी लावलेली हाय."

"मग वास घेऊन सांग की. रोज तूच चालवतोस."

मुंजाजींनी माझ्याकडे पाहिले. मी यंत्राजवळ वाकून वास घेतला. उदबत्ती, कापूर आणि माझाच झेंडू, याखेरीज काहीही कळेना. कळत नाही, अशी मी मान हलवली. ते समजले.

एखादा माणूस "सगळं ठीक हाय" म्हणून मोकळा झाला असता. मुंजाजींनी वाकून आधी तोटी बंद केली, मग म्हणाले, "मालक, मला वास कळतच न्हाई. तापापून."

मोहनराव ताट घेऊन बाहेरच्या ओट्यावर गेले, वात चिमटीने विझवली आणि परत आले. ते ओरडले नाहीत.

"इतके दिवस सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर चालवू दिलं असतं का?"

"न्हाई."

"म्हणून."

नंतर जोडांवर फेस लावून पाहिला. गॅस कोठेही गळत नव्हता. टाकी बाहेर ठेवून यंत्रास हळद-कुंकू वाहिले आणि मी आणलेला हार घातला. "खोली तुझीच हाय," मोहनराव म्हणाले, "पर उद्यापून यंत्र हनुमान चालवील." हनुमान हा तेथील स्वयंपाकघरातला तरणा गडी आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. माझ्याकडे गिऱ्हाइकांची दाटी होती. मुंजाजी खराटा मांडीवर घेऊन माझ्या फुलांच्या पाटीशेजारी बसले होते. आत हनुमान दारे उघडत होता. त्याला स्वतःचे नाक आहे, त्यामुळे मला कोणी हाक मारली नाही.

नेहमीच्या वेळी फोन वाजला. मुंजाजींनी तो तोंडासमोर धरला.

"वास बघितला का?"

त्यांनी सभागृहाच्या दाराकडे पाहिले. पलीकडे मूल रडत होते.

"ऐकू येतंय का? बघितला का वास?"

"बघितला," मुंजाजी म्हणाले. "आक्कानं. न्हाई येत."

"मग करा चालू."

मी हातातला हार ओवत राहिले. त्यांनी फोन खिशात ठेवला. आतून यंत्राचा आवाज येऊ लागला, तेव्हा ते उठले आणि खराटा घेऊन मागच्या अंगणाकडे गेले. तेथे तो आवाज कमी येतो.