कांद्यांवर गेलेली कढई

मोठी माय गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या एका होस्टेलच्या मेसमध्ये कणीक मळत होते. फोन तिच्या सुनेचा, माझ्या वहिनीचा. "ताई, माय गेली," एवढंच बोलली. मी गावी पोचले तोवर माती होऊन गेली होती...

मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. घाटंजीकडच्या आमच्या गावात कापूस ओळीनं तीन वर्षं बुडाला, आई-बाबा वीटभट्टीवर गेले, माझी शाळा सातवीत सुटली. मोठ्या मायनं मला ठेवून घेतलं अन् रांधायला शिकवलं. आज मी पोट भरते ते त्याच्यावर. शिकले ते एका लोखंडी कढईत. जाड, काळी, एक कान तुटून तारेनं बांधलेला. पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ भडभड पेटतो अन् लगेच बसतो. पातळ भांड्यात बेसन खाली करपतं, वर कच्चं राहतं. ही कढई तो जाळ पिऊन घ्यायची. शेतातल्या निंदणाहून परतलो तरी सकाळची वांगी तिच्यात कोमट असायची. एकदा मी ती साबणानं घासून लख्ख केली, तर मोठी माय म्हणे, "काहून वो, नवरी सजवून राह्यली का? तेल लाव तिले."

मेसमध्ये कायम झाले तेव्हा मी तिला नॉनस्टिक कढई पाठवली. उपकारांचं ओझं होतं, अन् गावानं आपल्याला विसरू नये ही भीतीही. फोनवर विचारलं, "नव्या कढईत रांधतेस ना?"

ती हसली. "जुनीच वो. नवीची मूठ पघळली चुलीवर. राखेनं घासली तं काळं बी निंघालं."

मी चिडले. "एवढ्या लांबून पाठवली ती कशाला? गॅसवर ठेवायची, मऊ कापडानं पुसायची." तिचं सिलिंडर कितीतरी दिवस रिकामं पडलंय, हे मला ठाऊक होतं. तरी पुढच्या फोनला तेच विचारलं, त्याच्या पुढच्यालाही. मग एकदा ती म्हणाली, "नवीतच रांधतो बाई आता." मला इतकं बरं वाटलं की मेसमध्ये सगळ्यांना सांगत सुटले.

मोठ्या मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगती उठल्यावर मी जुनी कढई शोधू लागले. तिची आठवण म्हणून तेवढीच न्यायची होती. वहिनी भांडी घासत होती.

"ते मायनं भंगारवाल्याले देली. कांद्याच्या बदल्यात. दोन वर्सं झाले."

"तू देऊ कशी दिलीस?"

"अडवलं ना मी. तं म्हणे, पोरगी दर खेपेले इचारते. जुनी घरात राह्यली तं हात तिच्याकडंच जाते, अन् पोरीसंग मले खोटं बोलता येत नाही."

"मग बेसन?"

"लागेच खाली. करपलेलं सोता खाये, चांगलं आमाले वाढे."

नवी कढई मी घेऊन आले. मूठ नाही, बूड घासून घासून पांढरं झालेलं. खोलीतल्या फळीवर ठेवली आहे. तिच्यात काही रांधत नाही.

वहिनीचा फोन येतो अधूनमधून. तिच्या पोरासाठी मी बूट पाठवलेत. त्याला ते बसतात का, हे ती सांगत नाही... अन् मी विचारत नाही.