ताईच्या पायावर घेतलेला आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखत असाल, तर अजून तरी बरा माणूस म्हणून ओळखता. लिहायला बसलो की उठतो. पंखा कमी करतो, परत वाढवतो, अंगणाचं फाटक लावलंय का ते बघून येतो. ते लावलेलंच असतं.

कुठून सुरू करू? गाडीपासून, की ताईपासून? ताईपासूनच करतो. गाडी तिचीच होती.

आम्ही वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावचे. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. रत्नमाला, माझी मोठी बहीण, आमच्या घरात पहिली शिकली आणि अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाली. तिच्याकडे समुद्रपूरकडची गावं होती. तिथं एसटी कधी यायची, कधी यायची नाही. मग तिने निवृत्त होणाऱ्या एका डॉक्टरांची जुनी गाडी विकत घेतली. गोल दिव्यांची, मलईच्या रंगाची, तेव्हाच म्हातारी झालेली. आमच्या वस्तीत तोवर कुणाच्या दारात चारचाकी उभी राहिली नव्हती, आणि ही तर बाई, स्वतः चालवत निघालेली. सुरुवातीला लोक ओट्यावर येऊन बघायचे. नंतर त्यांना सवय झाली. अडलेली बाळंतीण असो, ताप चढलेलं पोर असो, ताईची गाडी निघायची. मला डिप्लोमाच्या वसतिगृहावर तिनेच त्या गाडीतून सोडलं. माझी ट्रंक मागच्या सीटवर ठेवली होती. फाटकाशी उतरवून ती लगेच गाडी वळवून गेली, मला तिचे डोळे दिसू नयेत म्हणून.

लग्न तिने केलं नाही. आजही आमचं अंगण एकच आहे — तिच्या दोन खोल्या एका बाजूला, आमचं घर दुसऱ्या बाजूला.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिने गाडीने साधं कोंबडंही मारलं नाही. हे ती स्वतः सांगायची. तिला फुशारकी मारता यायची नाही, पण ही एक गोष्ट ती मान किंचित वर करून सांगायची.

आता माझ्याबद्दल. मी वर्ध्याला एका तंत्रनिकेतनात शिकवतो. वाहनांचा विषय. ब्रेक कसे लागतात हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवतो — हे लक्षात असू द्या, कारण पुढे मला अज्ञानाच्या आडोशाला उभं राहता येणार नाही.

ताई निवृत्त झाली तोवर गाडी टिनाच्या शेडमध्ये बंद पडून होती. मी ती दुरुस्त करायला घेतली. आधी तिच्या आनंदासाठी, खरंच तिच्यासाठी. पण मग वर्ध्यात जुन्या गाड्यांचा एक मेळावा बघायला गेलो, आणि काहीतरी बदललं. शाळेच्या मैदानात गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. नागपूरच्या एका माणसाच्या गाडीचं इंजिन असं चकाकत होतं की लोक वाकून फोटो काढत होते. तो माणूस बाजूला हात बांधून उभा होता. मला तो माणूस व्हायचं होतं. किती साधी, किती क्षुल्लक गोष्ट! तिथूनच सगळं सुरू झालं.

गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलेंडर गळत होता. नळीसारखा भाग असतो तो. पायाने पेडल दाबलं की त्यातला दट्ट्या तेल पुढे ढकलतो आणि ते तेल चाकांपाशी जाऊन ब्रेक लावतं. आमचा बिडाचा होता — काळा, जड, गंज चढलेला. आतलं रबर बदललं असतं तर तो पुन्हा वर्षानुवर्षं चालला असता. मला ते माहीत होतं. पण बॉनेट उघडल्यावर तो दिसला असता ना, सगळ्यांच्या नजरेसमोर, तसाच काळा!

मी मोबाईलवर शोधत राहिलो. वर्गात, जेवताना, ताईशी बोलतानाही. परदेशातली एक जात सापडली — ॲल्युमिनियमची, चांदीसारखी, वजनाला अगदी हलकी. शर्यतीच्या गाड्यांना लावतात म्हणे. आमच्या गाडीने कुणाशी शर्यत लावायची होती? अख्ख्या गाडीच्या वजनापुढे तो किलो-अर्धा किलो वाचवून काय होणार होतं? पण ‘हलका’ हा शब्द मला चढला. मी तो चारचौघांत वापरूही लागलो — आपण ब्रेकचं वजन कमी करून राह्यलो, म्हणून.

अडचण एकच होती. आमच्या मापाचा तो हलका सिलेंडर मिळत नव्हता. मिळत होता तो जाड नळीचा. आता हे नीट सांगतो, कारण सगळं इथंच आहे. मी वर्गात मुलांच्या हातात दोन पिचकाऱ्या देतो, एक बारीक आणि एक जाड, आणि दोन्हींतून पाणी सारख्याच जोराने उडवायला सांगतो. जाड पिचकारीला अंगठा दुखून येतो. नळी जाड झाली की तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला जास्त जोर लावावा लागतो. थोडाथोडका नाही. आमच्या बाबतीत दीडपटीच्याही वर. हा हिशेब मी मनात केला होता. केला, आणि पुसला.

त्याच सुमारास ताईचा उजवा गुडघा धरला होता. त्यावर लावायचं मलम वर्ध्याहून मीच आणून द्यायचो.

बघा, मी पुन्हा उठून आलो. पाणी प्यायला म्हणून गेलो आणि न पिताच परत आलो.

तो सिलेंडर मी बसवला. गाडी स्वतः चालवून पाहिली. पेडल घट्ट लागत होतं आणि मला ते आवडलं — कसं नव्या गाडीसारखं ठणठणीत, असं वाटलं. माझा पाय धडधाकट होता. मग ताईने आमच्या गल्लीतून गाडी फिरवून आणली आणि उतरताना विचारलं, “पेडल जड झालं काय रे?”

“नवीन आहे, ताई. बसन हळूहळू,” मी म्हणालो.

ब्रेकचं पेडल हळूहळू बसत वगैरे नसतं. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी शिकवत होतो ना ते!

पुढच्या मेळाव्यात आमच्या गाडीचे लोकांनी फोटो काढले. एकाने त्या चकाकत्या भागावर बोट ठेवून विचारलं, आणि मी हात बांधून उभा राहून सांगितलं. माझी हौस फिटली. तिथंच थांबलं असतं तर? पण दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, गिरडला जाऊन येऊ. तिची जुनी गावं त्या बाजूची. टेकडीवरच्या दर्ग्यापाशी तिच्या ओळखीची माणसं दुकानं लावून बसतात. आपली गाडी पुन्हा चालू झालेली त्यांना दाखवायची होती तिला. ती माझ्यासारखीच होती की काय त्या दिवशी? नाही. तिला गाडी मिरवायची नव्हती, माणसांना भेटायचं होतं.

जाताना सगळं छान. वर पोचल्यावर बायका तिच्याभोवती जमल्या. सुमन नावाची एक फुलवाली धावत आली. लहानपणी अंगणवाडीत ताई तिला वजनाच्या काट्यावर बसवायची, आणि ती हमखास रडायची. दोघी त्यावर खूप हसल्या. सुमनने निघताना बॉनेटला शेवंतीचा हार बांधला, आणि उरलेली टोपली घेऊन उतारावरच्या आपल्या दुकानाकडे पायी पुढे गेली.

आम्ही थोड्या वेळाने निघालो. उतार मोठा नाही, पण वळण आहे आणि दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. वळणावर एक बकरी आडवी आली. ताईने ब्रेक दाबला. मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी तिचा पाय पाहिला — हे मी शपथेवर सांगू शकतो — पाय वेळेवर पडला होता. पूर्ण ताकदीने पडला होता. तिचा गुडघा थरथरत होता, ओठ आत ओढलेले होते, आणि गाडी थांबत नव्हती. हळू होत होती, पण थांबत नव्हती. बकरी वाचवायला तिने गाडी बाजूला घेतली. मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली, पण त्याआधी सुमनला धक्का बसला होता.

ती रस्त्याच्या कडेला पडली होती. तिचा पाय मोडलेला दिसत होता आणि फुलं सगळीकडे सांडली होती. लोक धावले. कुणीतरी ओरडलं, ब्रेक फेल झाला काय? सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण गाडी मी दुरुस्त केली हे ताईनेच वर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

एवढंच आहे सांगायचं. आता तोंडावर आलंय आणि बोटं अडतायत. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं — चूक माझी आहे, भाग चुकीचा आहे. मी ताईकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “ताई, तुहा पाय कुठं होता?”

ती स्टिअरिंग धरून बसली होती. तिने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “उशिरा पडला वाटते.”

तेव्हापासून तिने हेच धरून ठेवलं. पोलिसांना तिने हाच जबाब दिला. गाडी तपासायला आलेल्या तरुण अधिकाऱ्याने पेडलवर पाय दिला, ब्रेक कडक लागला. ब्रेकमध्ये दोष नाही, तो म्हणाला, आणि त्याच्या पायापुरतं ते खरंच होतं. मी बाजूला उभा होतो. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ताई सांगायची, अनिलनं हँडब्रेक ओढला म्हणून पोरीचा जीव वाचला. माझ्या बायकोने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मी तिला तसं पाहू दिलं.

सुमनचा पाय जुळला, पण वाकडा. ती आता लंगडत चालते. दर्ग्याचा चढ तिला झेपत नाही. ती खाली रस्त्याकडेला बसते.

ताईने त्यानंतर गाडीला हात लावला नाही. माझी गाडी असो की कुणाची, मागेच बसते. जिने अख्खा तालुका पालथा घातला, ती आता मंडईत जायलाही कुणी येतं का म्हणून विचारते. आणि विचारताना आधी “काम नसन तर” म्हणते.

अपघातानंतर काही आठवड्यांनी मी तो चांदीसारखा सिलेंडर काढला आणि जुना बिडाचाच नवं रबर घालून बसवला. पेडल लोण्यासारखं मऊ झालं. ते मी शेडचं दार आतून लावून केलं. का लावलं दार? अंगणात ताईशिवाय कुणीच नव्हतं.

आणि एक गोष्ट आहे. ती लिहिणार नव्हतो. एका सकाळी मी मागच्या पडवीत गेलो तर ताई खुर्चीत बसलेली. समोर भिंतीला तिने पाट टेकवून ठेवला होता. ती मनाशी काहीतरी पुटपुटायची आणि झटकन उजवा पाय उचलून पाटावर मारायची. परत मागे घ्यायची. परत मारायची. पाय किती उशिरा पडतो ते पाहत होती. मला बघून ओशाळली, पदर सावरला. म्हणाली, “पाहून राह्यली, अजून किती जीव आहे याच्यात.”

मला तेव्हा सांगता आलं असतं. तिथं दुसरं कुणी नव्हतं, लाज वाटायला फक्त ती होती. मी म्हणालो, चहा घेतेस काय.

गेल्या आठवड्यात सुमन आली होती, मुलीच्या लग्नाचं बोलवणं घेऊन. तिच्या मनात काही नाही. ती ताईच्या शेजारी बसून मुलीचं, सासरचं, स्वयंपाकाचं बोलत होती. बोलता बोलता ताईने तिचा हात धरला आणि तिची पुन्हा माफी मागितली. याआधी कितीदा मागितली असेल. “माह्या पायानं घात केला व बाई तुहा,” ताई म्हणाली. सुमन म्हणाली, ताई, किती दिवस तेच ते. मी दारात चहाचे कप घेऊन उभा होतो. आत गेलो, कप दोघींसमोर ठेवले, बिस्किटं आणायला म्हणून बाहेर आलो, आणि अंगणातच उभा राहिलो. आतून ताईच्या रडण्याचा आवाज येत होता.

तिचा पाय वेळेवर पडला होता. मी पाहिला होता.