लेन कार्मडी बसत नाही

आमच्या टेकडीवर बर्फ पडला की आधी फावडी बाहेर येतात आणि त्यांच्या मागोमाग खुर्च्या. आपल्या दारासमोरचा रस्ता ज्याने उपसला, ती गाडी लावायची जागा बर्फ वितळेपर्यंत त्याची. गाडी काढून बाहेर जायचं असेल तर जागेत एक खुर्ची ठेवायची आणि निर्धास्त जायचं. खुर्ची मोडकी असली तरी चालते. किंबहुना मोडकीच असावी लागते, चांगली खुर्ची बर्फात ठेवणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. केलर्स रन हे आमचं गाव पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला, नदीच्या काठावर आहे. इथे उपासाच्या शुक्रवारी सॉसेज खाणारी माणसं निपजली, पोलादाच्या कारखान्यातून अख्खा दरवाजा डब्यात घालून घरी आणणारी निपजली (चार महिने लागले, पण आणला). दुसऱ्याची खुर्ची हलवणारा माणूस मात्र इथे जन्मला नाही. तो ओहायोतून यावा लागला.

पण त्याच्याआधी व्हेरोना हुडाकबद्दल सांगायला हवं, कारण त्याने खुर्ची हलवली ती तिची.

स्लोव्हाक घरांत मावशी, आत्या, काकू सगळ्यांना ‘तेता’ म्हणतात, आणि व्हेरोना अख्ख्या टेकडीची तेता आहे. वय एकोणऐंशी. उंची पाच फूट, तीसुद्धा रागात असताना. एक खुबा तिचा स्वतःचा, दुसरा डॉक्टरांनी बसवलेला. नवरा अँडी कारखान्यात होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा पॉल दक्षिणेत शार्लटला असतो. तिथे बर्फ पडत नाही, याचा त्याला इतका अभिमान आहे की ऐकणाऱ्याला वाटावं, तो त्यानेच बंद केला. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि दर रविवारी तो म्हणतो, “माम, आता इकडे ये.” दोन वर्षांपूर्वी खुबा बदलला तेव्हा मायलेकांत करार झाला. तेता म्हणाली, “ज्या हिवाळ्यात मला दारात गाडी लावता येणार नाही, त्या हिवाळ्यात मी येते. तोवर हा विषय काढायचा नाही.” दारात जागा नसली तर गाडी खाली चर्चपाशी लावायची आणि एकशे बारा पायऱ्या चढून यायचं. म्हणजे तेताचं घर, तिचा कोबी, तिची खिडकी, सगळं त्या एका गाडीच्या जागेवर उभं होतं.

घरात तिच्याबरोबर आणखी एकजण राहायचा. लेन कार्मडी.

लेन कार्मडी कोण हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण तुमच्यासाठी सांगतो. हॉलिवूडचा जुना मारामारीवाला नट. हा मारामारीवाला असला तरी मारण्यापेक्षा मार खाण्यातच त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नाक दोनदा मोडलेलं, कॉलर वर, टोपी डोळ्यांवर. सिनेमा कोणताही असो, एक प्रसंग ठरलेला. मोठं टेबल, टेबलामागे मोठा माणूस, त्याच्या तोंडात मोठी सिगार. तो खुर्ची दाखवून म्हणतो, “बस.” लेन खुर्चीकडे बघतो, माणसाकडे बघतो आणि म्हणतो, “उभाच बरा आहे.” पुढे त्याला मार पडतो. बहुतेक सिनेमांत शेवटी तो मरतोसुद्धा. पण बसत नाही. एका सिनेमात तर भिंतीला टेकून उभ्याउभ्याच मेला.

व्हेरोना सतरा वर्षांची असताना रिव्होली थिएटरच्या तिकीट खिडकीत बसायला लागली. लेनचे सिनेमे तेव्हाच जुने झाले होते, पण मालक आळशी होता, फिरवून फिरवून तीच रिळं लावायचा. तक्रार कुणी केली नाही. दुसऱ्या पाळीचे कामगार डबे मांडीवर ठेवून बसायचे आणि तो प्रसंग आला की लेनच्या आधी सगळं थिएटर म्हणायचं, “उभाच बरा आहे!” त्या ओरडण्यात पुढचे दोन संवाद बुडायचे. ते दोन संवाद काय होते हे गावात अजून कुणाला माहीत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, ही गुंडगिरीची हौस. तसं नाही. कारखान्यात माणूस आठ तास उभाच असायचा. फोरमनने कधी बस म्हटलं नाही. म्हटलं तर ते एकाच दिवशी. ज्या दिवशी तो खुर्ची पुढे करून “बस रे जरा” म्हणाला, त्या दिवशी माणसाने समजायचं की उद्यापासून यायचं नाही. चौऱ्याऐंशी साली कारखाना बंद होताना एकेकाला आत बोलावत होते. अँडीचा नंबर आला. फोरमनने खुर्ची सरकवली. अँडी स्वभावाने गरीब, घरात माशी मारायची झाली तरी व्हेरोनाला हाक मारणारा. तो टोपी डोळ्यांवर ओढून म्हणाला, “उभाच बरा आहे.” फोरमन त्याच रिव्होलीत वाढलेला. तो स्वतःच खुर्चीतून उठला आणि उभ्यानेच कागद वाचून दाखवला. घरी येऊन अँडीने बायकोला नोकरी गेल्याचं नंतर सांगितलं. आधी हे सांगितलं.

त्याच वर्षी रिव्होलीही बंद झालं. दारात लेनचा पुठ्ठ्याचा पूर्णाकृती पुतळा असायचा, तो कचऱ्यात चालला होता. व्हेरोनाने तो काखेत घेतला आणि पायऱ्या चढून घरी आणला. अँडीने त्याला प्लायवूडवर ठोकलं, मागे टेकण लावलं, होडीचं व्हार्निश सात वेळा चढवलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा केला. “माझ्या घरात दुसरा पुरुष,” तो पाहुण्यांना सांगायचा, “आणि व्हार्निश मीच लावतोय.”

तर, ट्रेव्हर. ओहायोचा, तिशीतला, घरून कॉम्प्युटरवर काम करणारा. तेताच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर त्याने घेतलं. डिसेंबरात तेता बटाटे आणायला गेली, आणि हा गाडी घेऊन आला. रस्त्यात एक पिवळी मोडकी खुर्ची पडलेली बघून त्याला वाटलं, कुणीतरी फेकून दिली असावी. त्याने ती उचलून कचऱ्यापाशी ठेवली, गाडी लावली आणि घरात गेला. वर स्वतःला वाटलं असेल, आपण गाव स्वच्छ केलं!

तेता त्या दिवशी बटाटे घेऊन एकशे बारा पायऱ्या चढली. पॉलला बोलली नाही. आम्हालाही बोलली नाही. पण खिडक्या सगळ्यांना आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेव्हरची गाडी कुठे दिसेना. होती तिथेच, फक्त सगळ्या गल्लीचा उपसलेला बर्फ तिच्यावर होता. कुणी केलं? कुणीच नाही. कारण कळल्यावर ट्रेव्हरने पालिकेत खुर्च्यांविरुद्ध तक्रार केली, आणि पालिकेला वीस वर्षांत आलेली ही पहिली टाइप केलेली तक्रार असल्यामुळे तिचा फारच आदर झाला. हुकूम निघाला. रस्त्यात खुर्च्या, स्टुलं, बादल्या, इस्त्रीचे टेबल आणि इतर कोणतेही सामान ठेवण्यास मनाई.

जानेवारीत चौदा इंच बर्फ पडला. तेताने तीन तास थांबत थांबत जागा उपसली. खुर्च्या घराघरांत माना खाली घालून बसल्या होत्या. तेताने आत जाऊन लेनला बाहेर आणला, जागेत उभा केला, त्याच्या पायाशी दोन विटा ठेवल्या आणि गाडी काढून प्रार्थनेला निघून गेली.

पालिकेचा हवालदार बर्नी क्लिमेक गस्तीला आला. बर्फ भुरभुरत होता. त्याने दोनदा हॉर्न वाजवला, काच खाली केली आणि ओरडला, “ओ साहेब, रस्त्यातून बाजूला व्हा!” साहेब हलले नाहीत. बर्नी खाली उतरला, चार पावलं चालला, आणि थांबला. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्याने टोपीला हात लावला आणि मागे फिरला.

संध्याकाळी तो तेताच्या दारात. “तेता, तो उचला हो. माझी नोकरी आहे.”

“हुकमात काय लिहिलंय? सामान. लेन सामान आहे?”

“पुठ्ठा आहे तो, तेता.”

“हॉर्न कुणाला वाजवलास मग? पुठ्ठ्याला?”

बर्नी हालुश्कीची बशी संपवून गेला. कोबी-शेवयांच्या त्या बशीपुढे पालिकेचं कधीच काही चाललेलं नाही.

त्याच्यानंतरच्या रविवारी दुपारी ट्रेव्हर आला. या वेळची तक्रार: आवाज. तेता दर रविवारी लेनचा सिनेमा लावते आणि तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो भिंतीपलीकडेही लागतो. ट्रेव्हर दारात म्हणाला, “मिसेस हुडाक, आवाज जरा—” आणि पडद्याकडे बघून अडखळला. “हाच का तो? रोज बाहेर उभा असतो तो?”

“हाच.”

“तीन महिने ऐकतोय मी याला. पण तुम्ही दर वेळी शेवटाआधी बंद करता.”

“झोप यायला लागते मला. अँडी असताना तो जागं ठेवायचा.” तेताने त्याच्याकडे खालून वर बघितलं. “माझी खुर्ची हलवलीस तो तूच ना? ये आत. पायपुसण्यावर बूट पूस. आज शेवट बघू.”

शेवट बघायला तासभर लागला. तिने त्याला खुर्ची दिली नाही, त्यानेही मागितली नाही. ट्रेव्हर घरी गेला, आवाजाचं बोलायचं राहूनच गेलं.

फेब्रुवारीत लेनच्या प्रकरणाची सुनावणी लागली. संध्याकाळी सहाला पालिकेच्या सभागृहात आम्ही सगळे. अध्यक्ष वॉल्टर माझूर लांब टेबलामागे. त्याच्यापुढे काठी टेकत तेता. वॉल्टर माणूस वाईट नाही. त्याने स्वतः उठून खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, “तेता, बसा.”

सभागृहात जो आवाज झाला त्याला आवाज म्हणता येणार नाही. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, एवढंच. वॉल्टरच्याही लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले.

“उभीच बरी आहे,” तेता म्हणाली.

“तेता, भांडायचं नाहीये मला. सोपा मार्ग आहे.” त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. “अपंगांसाठी राखीव जागा. तुमच्या दारात पालिकेचा खांब, निळी पाटी. कायमची जागा. फक्त इथे सही करायची की मला चालता येत नाही. डॉक्टरांचं मी बघतो.”

“मला चालता येतं.”

“हो, पण लिहायला काय जातंय?”

“वॉल्टर, मी इथे चालत आलेय. तीन तास बर्फ उपसते मी. मला येत नाही असं माझ्या हाताने लिहून देऊ? आणि ते लिहिलेलं पॉलच्या हातात पडलं की मी शार्लटला. पाटी लागेल रे दारात, पण त्या दारामागे राहील कोण?”

“मग पुतळा उचलावा लागेल. हुकूम आहे.”

“उचल. जागा माझीच आहे. मी उपसलीय.”

एवढं बोलून ती बसेल असं वाटलं, पण पुढचा विषय गटाराच्या पाइपचा होता. तो पन्नास मिनिटं चालला, आणि ती पन्नासही मिनिटं उभी राहिली. डॉक्टरांनी बसवलेला खुबा त्यांचा होता, पण दुखत तिलाच होतं. तोंडावर दिसू दिलं नाही. वॉल्टरने पाइप आयुष्यात एवढ्या घाईने मंजूर केला नसेल.

गुरुवारी तेता खुब्याच्या व्यायामाला गेली आणि बर्नीने येऊन लेनला उचललं. आडवा टाकवेना, म्हणून पुढच्या सीटवर तिरपा टेकवला आणि पट्टा लावला. जाताना आम्हा कुणाकडे बघितलं नाही. गल्ली त्या दिवशी गच्च होती, खाली चर्चपर्यंत गाड्या. वर एकच जागा रिकामी. त्यात दोन विटा.

बर्फ सुरू झाला. पहिल्यांदा दार उघडलं ते ट्रेव्हरचं. त्याची स्वतःची गाडी खाली चर्चपाशी होती. तो येऊन विटांच्या मध्ये उभा राहिला. खिशात हात, कॉलर वर. टोपी नव्हती, ओहायोवाल्यांना टोपीचं महत्त्व कळत नाही. दोन गाड्या आल्या, त्याच्याकडे बघून पुढे गेल्या. मग बर्नी परत आला. काच खाली.

“ए, रस्त्यात काय उभा आहेस? तक्रार तुझीच ना?”

“हो. खुर्च्यांची होती. मी खुर्ची आहे?”

“थंडीत मरशील. ये, गाडीत बस.”

ट्रेव्हरने गाडीकडे बघितलं, बर्नीकडे बघितलं. आम्ही खिडक्या उघडल्या होत्या, बर्फ आत येत होता.

“उभाच बरा आहे,” तो म्हणाला.

चाळीस मिनिटांनी तेता आली. तो बाजूला सरला, तिने गाडी लावली. आभार वगैरे काही नाही. काच खाली करून म्हणाली, “उद्यापासून टोपी घाल. आणि कान झाक, लाल झालेत.” तेव्हापासून ती बाहेर गेली की कुणी ना कुणी जागेत उभं असतं. पाळ्या लागल्या आहेत. पहिली, दुसरी, तिसरी, कारखान्यात होत्या तशाच. मंगळवारची दुसरी माझी.

लेन पालिकेतच आहे. सोडवायला फॉर्म लागतो, आणि फॉर्मवर लिहायचं की मी नियम मोडला. तेता लिहीत नाही. तिथल्या लोकांना त्याला तळघरात आडवा ठेवणं जमलं नाही, म्हणून सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीमागे उभा केलाय. सभा चालू असते, वॉल्टर बोलत असतो, आणि त्याच्या खांद्यावरून लेन लोकांकडे बघत असतो. गेल्या महिन्यात दोन सभासद बोलताना आपोआप उठून उभे राहिले. हुकूम कागदावर अजून आहे. तो काढून बजावायचं धाडस त्या खोलीत कुणाला होत नाही.

लेनला नेल्यानंतरच्या रविवारी पॉलचा फोन आला होता. तेताने फोन नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर ठेवला होता.

“माम, लेनला पकडून नेलं म्हणे. मग आता जागेचं काय? करार लक्षात आहे ना?”

“गाडी दारात आहे. खिडकीतून दिसतेय मला.”

“आणि लेन? तो कधी सुटणार?”

“सुटायचंय कुणाला?” तेता म्हणाली. “चाळीस वर्षं मी माणूस शोधत होते पालिकेत घुसवायला. आता आहे ना आत.”