टिकटिक ऐकू आलेला सिग्नल

त्या टॅक्सीचा तपास माझ्या मनातून अजून जात नाही. गिरण्यांचा संप फसून तीनेक वर्षं झाली होती. मी लालबागजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

संध्याकाळी नाक्यावर वळणाऱ्या टॅक्सीखाली एक गिरणी कामगार सापडून दगावला. फिर्याद दिली त्याच्या खोलीतल्या सोबत्याने. हा गिरणीतला जुना वायरमन. दोघांचीही बायकापोरं संपात गावी गेली, ती तिकडचीच झाली. अपघाताच्या वेळी तो सोबतच होता, आणि रोज ठाण्यात येऊन एकच सांगायचा, "सिग्नल दिलाच नाय, साहेब. दिवा नुसता पेटलेला. म्हणून तर तो पुढे झाला."

ड्रायव्हरचंही एकच पालुपद. "सिग्नल दिला होता, साहेब. टिकटिक ऐकली मी." मी त्याला दोन ठेवून दिल्या. खोटं बोलणारा मार खाल्ला की काहीतरी नवं सांगतो. हा तेच सांगत राहिला.

शेवटी मीच ठाण्याच्या आवारात जप्त करून ठेवलेल्या त्या टॅक्सीत बसलो, दिवे लावले, सिग्नल टाकला. टिकटिक सुरू झाली. समोरून हवालदार म्हणाला, "साहेब, लुकलुकत नाही. नुसता जळतोय."

ते दिवे आठवड्यापूर्वीच बाहेरून बसवून घेतलेले. बल्बात दोन तारा होत्या, मंद तार कायम जळायला आणि प्रखर तार सिग्नलला. जोडणी उलटी झाली होती. प्रखर तारेच्या उजेडात मंद तारेचं लुकलुकणं दिसणार कसं? कोणी बसवले म्हणून विचारलं, तर ड्रायव्हरने फिर्याद देणाऱ्या वायरमनचंच नाव घेतलं. संपानंतर तो अशीच बाहेरची कामं करायचा.

वायरमनला आवारात नेऊन दिवा उघडून दाखवला. लाल वायर बोटांत धरून त्याने ती बल्बापर्यंत तपासली.

"आमच्या खात्यात लाल म्हणजे कायम चालू," तो म्हणाला. "वीस वर्षं तसंच जोडलं. या सेटात लाल सिग्नलची असेल, हे डोक्यातच आलं नाय."

मी पुरवणी जबाब लिहिला. त्याने एक शब्दही बदलायला सांगितला नाही. पुढे ड्रायव्हर सुटला. त्याची माफी मागायला हवी होती, ती मी मागितली नाही.

त्या दिवशी जबाबावर सही करूनही वायरमन उठेना. "साहेब, खोलीवर आता कोणी नाय. जरा इथं बसू?"

"हे ठाणं आहे, धर्मशाळा नव्हे," मी म्हणालो. तो उठून गेला.

खरं कसं शोधायचं हे नोकरीने मला शिकवलं. ते ज्याच्या पदरात पडतं त्याचं पुढे काय होतं, हे मी कधी विचारलंच नाही, आणि त्याची मला लाज वाटते. आता मी निवृत्त झालोय, आणि बायको वारल्यापासून मीही एकटाच असतो. संध्याकाळी त्याच ठाण्यात जाऊन बाकावर बसतो. तिथला नवा फौजदार भला आहे, तो मला उठवत नाही.