काही नाही, घरी घेऊन जा

“काही नाही. घरी घेऊन जा यांना.”

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर असं म्हणाले, तेव्हा मी पडद्याआड पोलक्याची बटणं लावत होते. बाहेर हे उभे होते, आमच्या घरचे. दोघांनी तेच शब्द ऐकले आणि दोन निरनिराळे अर्थ घेतले. त्यापायी आमच्या लेकीचं, सुनंदाचं शिक्षण सुटायची वेळ आली, म्हणून हे लिहिते आहे.

ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. मी वर्ध्याजवळच्या सेलूला प्राथमिक शाळेत शिकवत होते. दिवाळीनंतर छातीत डाव्या बाजूला दुखायला लागलं. फळ्यावर लिहिताना, भाकरी थापताना, कधी नुसतं बसल्याबसल्यासुद्धा. आतून कुणी अंगठा दाबून धरावा तसं. ओवा झाला, शेक झाला, गॅसच्या गोळ्या झाल्या. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी वर्ध्याला पाठवलं.

तिथे ईसीजी काढला. म्हणजे छातीला, हातापायांना तारा लावून हृदयाची चाल कागदावर उतरवतात. एक्स-रे झाला, रक्त तपासलं. मग बेरियम मील, म्हणजे पांढरं दाट औषध पाजून अन्ननलिकेचे आणि पोटाचे फोटो घेतात. चव थेट खडूची. इतकी वर्षं खडू झिजवला, आता प्यायचीही वेळ आली! प्रत्येक तपासणीनंतर बाकावर बसून वाट पाहायची आणि उत्तर एकच, नॉर्मल. त्या बाकावरही माझं दुखत होतंच.

म्हणून “काही नाही” ऐकल्याबरोबर मला वाटलं, हा डॉक्टर मला ढोंगी समजतो. मला इतका अपमान वाटला की काही न विचारता मी पिशवी उचलून बाहेर पडले.

ह्यांनी ऐकलं ते “घरी घेऊन जा”. आमच्याकडे मोठ्या दवाखान्याने घरी न्यायला सांगितलं की लोक एकच समजतात. उपाय संपले, आता माणूस आपल्या घरातून जाऊ द्या. डॉक्टर पुण्याकडचे, नवेच आलेले, त्यांना हे कुठून माहीत असणार! एसटीत ह्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि संत्रं सोलून एकेका फोडीतल्या बिया काढून दिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यासाठी कधी केळंही सोललं नव्हतं. तेव्हाच माझ्या मनात धास्ती बसली.

घरी माणसं यायला लागली. तब्येत कुणी विचारीना. नुसती माझा हात धरून बसायची आणि निघताना डोळ्यांना पदर लावायची. मी चिडले की हे दुसऱ्या खोलीत निघून जायचे. आता माझाही धीर सुटला. रिपोर्ट नॉर्मल आहेत, तर हे सगळे माझ्यापासून लपवतात काय? कळ आली की मी श्वास रोखून बसायचे. हीच शेवटची असेल का, एवढाच विचार डोक्यात.

मग तळेगावहून नणंदबाई आल्या, त्या सुनंदासाठी स्थळ घेऊनच.

“तुह्या डोयादेखत अक्षता पडल्या का जीव मोकळा होईल,” त्या म्हणाल्या.

सुनंदा अकरावीत होती. तिला नागपूरला जाऊन पुढे शिकायचं होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी वाद घालणारी पोर, पण ह्या वेळी खाली मान घालून “हो” म्हणाली. ते “हो” मला सहन झालं नाही. मी ह्यांना अंगणात गाठलं.

“मले खरं सांगा. सारे मले असे काऊन पाहून राह्यले?”

“डॉक्टरनं सांगतलं ना, घरी घेऊन जा म्हणून,” असं म्हणून हे ढसाढसा रडायला लागले.

मला आधी हसूच आलं. मग भीती वाटली. दुखत तर होतंच, ह्यांचाच अर्थ खरा निघाला तर?

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन मी पुन्हा वर्ध्याला गेले. डॉक्टर सगळं ऐकून चक्रावले. मग खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले.

“बाई, तुमचं दुखणं खरं आहे. ते कशामुळे आहे, हे मला सापडलेलं नाही. पण तुमच्या हृदयात दोष दिसत नाही, आणि तुम्ही मरायला टेकलेल्या तर मुळीच नाही. दरदरून घाम आला, दम लागला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर लगेच या. एरवी शाळेत जा.”

सुनंदाला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना नको म्हणून निरोप द्यायला वेळ उरला नव्हता. मंडळी ठरल्याप्रमाणे आली. पोह्यांच्या बशा फिरल्या आणि नेमकी त्याच वेळी कळ उठली. सगळे माझ्याकडेच बघत होते. छातीवर हात नेला तर लग्न पक्कं. नाही नेला तर आजवरचं सगळं ढोंग ठरणार.

“पाहा, किती दुखून राह्यलं तिले,” नणंदबाई म्हणाल्या.

मी हात छातीवर ठेवलाच. “हो, दुखून राह्यलं. उद्याही दुखन. पन मी मरून नाई राह्यली. पोरगी शिकून राह्यली, तिचं लग्न आता नाई करायचं.”

पाहुणे बशा तशाच ठेवून उठले. नणंदबाईंनी पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. सुनंदानं मात्र त्याच संध्याकाळी आमटी खारट झाली म्हणून माझ्याशी कडाकडा भांडण केलं. मला फार बरं वाटलं.

दुखणं गेलं नाही. कधी महिना महिना येत नाही, कधी रोज येतं. तुमच्याही कागदांवर सगळं नॉर्मल निघालं असेल आणि तरी दुखत असेल, तर आधी तपासण्या पुऱ्या करा, अंगावर काढू नका. मग डॉक्टरांना समोर बसवून फोड करून विचारा आणि घरच्यांनाही ऐकवा. दुखतं असं सांगायची लाज बाळगू नका.

सुनंदा नागपूरला शिकली, नोकरीला लागली, आणि मग तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं. हळदीच्या दिवशी उभ्यानं तिला हळद लावताना मला कळ आली. तिनं माझा चेहरा ओळखला.

“आई, दुखते का?”

“हो.”

“मंग बसूनच लाव,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाट सरकवून स्वतः खाली, माझ्यासमोर येऊन बसली.